नाताळच्या सुट्टीतली सिनेमांची आणेवारी

गावभागकर (२६ डिसेंबर, रात्री ११.४०)

दरवर्षी नाताळात पुण्याचा धाकटा भाऊ बायकोपोरांसकट सांगलीला येतो. पहिल्या दोन दिवसांत गणपती मंदिर, आयर्विन पूल आणि भेळ उरकली की पोरं मोबाइलमध्ये डोकं घालून बसतात ती थेट परतीच्या गाडीपर्यंत. यंदा बायकोने फर्मान काढलं. २४ ते ३१, रोज रात्री जेवणं आटपून एक जुना सिनेमा, सगळ्यांनी एकत्र. जुना म्हणजे १९९० च्या आधीचा. चिठ्ठ्या भडंगाच्या रिकाम्या डब्यात, रोज एकाने काढायची, आणि आलेल्या चिठ्ठीवर कुरकुर करायची नाही.

भाऊ म्हणाला, शेवटी दहापैकी मार्क देऊ. आण्णा (वडील, वय ७८, निवृत्त तलाठी, बरीचशी नोकरी जत तालुक्यात) म्हणाले, "मार्क शाळेत. आपण आणेवारी लावू."

ज्यांचा शेतीशी संबंध नाही त्यांच्यासाठी: गावातलं पीक यंदा किती आलं याचा सरकारी अंदाज म्हणजे आणेवारी. कागदावर आता पैसेवारी म्हणतात, तोंडात जुनाच शब्द. त्यासाठी अख्खं शिवार मोजत नाहीत. चांगल्या, मध्यम आणि हलक्या रानातले प्लॉट निवडायचे, तेवढंच पीक कापून वजन करायचं आणि त्यावरून गावाचा हिशेब मांडायचा. ५० पैशांच्या आत आली तर टंचाई.

तर आमची पद्धत अशी. प्रत्येकाने सिनेमातली तीन रानं निवडायची, साधारण दहा-दहा मिनिटांची. एक चांगलं, एक मध्यम, एक हलकं. प्रत्येकाला सोळापैकी आणे आणि तिघांची सरासरी. आण्णांचं म्हणणं, लोक शेवटच्या पाच मिनिटांवर भाळून अख्ख्या सिनेमाला मार्क देतात, हे म्हणजे विहिरीकडेचा ऊस बघून गावाची आणेवारी लावल्यासारखं. लेक (सहावी) वहीत रकाने आखून बसलीय.

पहिले तीन दिवस:

२४ तारीख, 'इट्स अ वंडरफुल लाइफ' (१९४६). नाताळ म्हणून भावाची चिठ्ठी. लेकीने इंग्रजी सबटायटल वाचून आण्णांना मराठीत सांगायचं ठरलं. पहिला अर्धा तास ती सांगत होती. नंतर पतसंस्थेचा प्रसंग आला आणि आण्णा म्हणाले, "थांब, कळतंय." गावात बँक बुडाल्याची आवई उठते, ठेवीदार दारात गोळा होतात, आणि नुकतं लग्न झालेला नायक जॉर्ज हनिमूनला जपलेले दोन हजार डॉलर काउंटरवर ठेवतो. कुणाला किती लागतील तेवढेच द्यायचे, असं करत संध्याकाळी दार बंद करताना दोन डॉलर उरतात. आण्णांची स्वतःची ठेव एका पतसंस्थेत नऊ वर्षं अडकली होती. ते नुसतं म्हणाले, "आमच्या चेअरमननं असलं एक भाषण तरी करायचं होतं." चांगल्या रानाला सोळा, देवदूताच्या रानाला सात. घरची सरासरी साडेबारा.

२५ तारीख, 'संत तुकाराम' (१९३६). पंधरा. घरात सगळ्यात वर, अजून तरी.

२६, म्हणजे आज, 'पिंजरा' (१९७२). आण्णा नऊ, मी दहा, बायको बारा. आता शिव्या खायला तयार आहे.

तुमच्याकडे सुट्टीत काय बघताय? आणेवारीसकट लिहा.

---

अजिंक्यतारा (२७ डिसेंबर, सकाळी ७.१५)

पिंजराला नऊ?! डॉ. लागू आमच्या साताऱ्यात जन्मले म्हणून हे सांगलीकरांचं राजकारण आहे का? सरळमार्गी गुरुजी तमाशाच्या नादात पार उतरत जातो आणि शेवटी स्वतःच्याच खुनाचा आरोपी म्हणून उभा राहतो, एवढं जबर कथानक मराठीत दुसरं दाखवा. हलकं रान निवडलंत तरी कुठलं?

---

गावभागकर (२७ डिसेंबर, सकाळी ९.०२)

@अजिंक्यतारा, लागूंना सोळाच दिलेत, काळजी नसावी. घोळ पंचनाम्यात झालाय. (ज्यांनी पाहिला नाही त्यांनी पुढचं वाचू नका.) चेहरा ओळखू येत नाही अशा प्रेताला गुरुजींचे कपडे घालतात आणि गाव मानतं की गुरुजी गेले. तिथे आण्णांनी सिनेमा थांबवायला लावला. "तोंड ठेचलंय. ओळख पटवली कशावरनं, तर कपड्यावरनं. पंच कोण? सह्या कुणाच्या? पोलीस पाटील काय करत होता?" सगळ्यांनी समजावलं की अहो, हा सिनेमा आहे. म्हणाले, "म्हणून चार दिले. खरं असतं तर निलंबित केलं असतं."

---

स्पष्टवक्ता (२७ डिसेंबर, सकाळी १०.३०)

मुळात नाताळ आपला सण आहे का? दिवाळीत का नाही बघत सिनेमे? असो.

---

मिरज_जंक्शन (२७ डिसेंबर, सकाळी ११.१०)

दिवाळीत फराळ करायचा असतो म्हणून. आणि नाताळ मिरजेचा सण आहे, हे आमच्याकडे येऊन बघा. मिशन हॉस्पिटल १८९४ पासूनचं. त्या भागात लहानपण गेलेल्यांना डिसेंबर म्हणजे कागदी चांदण्या, केक आणि रात्री घरोघर गाणी म्हणत फिरणारी टोळी. आमच्या शेजारच्या काकू करंज्या दिवाळीत आमच्याकडून घ्यायच्या आणि नाताळात त्यांच्या करंज्या आमच्याकडे यायच्या. त्यांच्या जास्त खुसखुशीत असायच्या, हे आईला मी आजवर सांगितलेलं नाही.

आता विषयावर. आमचं घराणं तंबोरे-सतारी करणाऱ्यांपैकी, त्यामुळे मी सिनेमा आधी कानाने बघतो. आवाज फाटका असला की मला पुढचं दिसत नाही. म्हणून माझं मत 'कुंकू'ला (१९३७), सोळा आणे. त्यात पार्श्वसंगीतच नाही! जे ऐकू येतं ते त्या खोलीतलंच. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक, पावलं, फोनोग्राफ. आज नायिका नुसती खिडकीपाशी गेली तरी पन्नास व्हायोलिनं उठतात. शांतारामबापूंनी १९३७ साली ती सगळी घरी बसवली. जवारी लावताना, म्हणजे तारेला झंकार आणताना, आम्ही तार आणि घोडी यांच्यामध्ये दोरा सरकवत जातो, जरा इकडे-तिकडे झाला की आवाज बंद. त्या सिनेमात शांतता अशी बसवलीय.

गावभागकर, डब्यात कुंकूची चिठ्ठी नसेल तर टाका.

---

अजिंक्यतारा (२७ डिसेंबर, दुपारी १२.४५)

+१. आणि 'कुंकू' ज्या कादंबरीवर आहे ती 'न पटणारी गोष्ट' लिहिणारे ना. ह. आपटे आमच्या कोरेगावचे. साताऱ्याला अजून एक गुण लिहा.

---

कृष्णामाईची_लेक (२७ डिसेंबर, दुपारी १.२०)

राहिले कोरेगावला. जन्म समडोळीचा, म्हणजे आमच्या सांगलीजवळचा. गुण परत करा.

---

प्रिंटशोधक (२७ डिसेंबर, दुपारी ३.३०)

धागाकर्त्याने 'वंडरफुल लाइफ'मधल्या बर्फाला आणे दिलेले दिसत नाहीत. तो सिनेमा १९४६ च्या उन्हाळ्यात, घाम गळत असताना चित्रित झालाय. त्याआधी सिनेमात बर्फ म्हणून पांढरे रंगवलेले कॉर्नफ्लेक्स टाकायचे. त्यावरून नट चालला की कुरुमकुरुम आवाज यायचा आणि संवाद पुन्हा ध्वनिमुद्रित करावे लागायचे. इथे आग विझवायचा फेस आणि साबण मिसळून फवारला, म्हणून बर्फातले संवाद जागेवरच घेता आले. @मिरज_जंक्शन, ही तुमच्या कानाची गोष्ट आहे.

अजून एक. प्रदर्शित झाला तेव्हा हा चालला नव्हता. १९७४ साली कॉपीराइटचं नूतनीकरण करायचं राहून गेलं, अमेरिकेतल्या टीव्ही वाहिन्यांना फुकटात मिळाला, त्यांनी दर नाताळात लावला आणि लोकांना आवडायला लागला. एका कारकुनी चुकीने अजरामर झालेला सिनेमा म्हणा.

'संत तुकाराम'बद्दल: 'आधी बीज एकले' हा अभंग तुकोबांचा नाही. तो शांताराम आठवल्यांनी सिनेमासाठी लिहिला.

---

गावभागकर (२७ डिसेंबर, संध्याकाळी ७.५०)

@प्रिंटशोधक, तुम्ही आमच्या घरात भांडण लावलंत. आई भजनी मंडळात गेली तीस वर्षं हा अभंग तुकोबांचा म्हणून म्हणते. तिने चष्मा लावून गाथा काढली आणि दुपारभर शोधला. मिळाला नाही. आता म्हणते, "गाथा छापणाऱ्यांनी गाळला असेल."

बर्फाचं आण्णांना सांगितलं. मध्यम रान दोन आण्यांनी वाढवून दिलं.

---

गलाईवाला_विटा (२८ डिसेंबर, पहाटे १२.३०)

मी कोइमतूरहून लिहितोय. आमच्या खानापूर-आटपाडी भागातले लोक सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पसरलेत, त्यातलाच एक. पोरं इथेच जन्मली. तमिळ फाडफाड, मराठी म्हणजे आजीच्या फोनपुरतं. "ये, बस, जेवलास का" च्या पुढे गाडी जात नाही. इथल्या शाळेला नाताळची सुट्टी आहे, दुकान सुटत नाही, म्हणून तुमचा धागा वाचून रात्री घरातच सुरू केलं.

मला वाटलं विनोदी काहीतरी लावावं. मग म्हटलं तुमचं ऐकू, 'संत तुकाराम' लावला. तुकाराम झालेल्या पागनीसांचे अभंग पोरांना कळले नाहीत. पण आवली! आजारी पोराला एका हाताने ओढत आणि दुसऱ्या हातात पायताण घेऊन ती देवळात विठोबाला जाब विचारायला निघते, तिथे माझा धाकटा खुर्चीवर उभा राहिला. शेवटी नवरा वैकुंठाला निघालाय, चल म्हणतोय, आणि ही पुरणपोळ्या सोडून यायला तयार नाही. थोरली म्हणाली, "आजी अशीच करेल." दोघांनी सोळा आणे दिले. अर्थात आणा म्हणजे काय हे आधी मला सांगावं लागलं. आणि १९३७ ला ह्याच सिनेमाचा व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला होता, म्हणजे तिथल्या लोकांनाही आवलीच कळली असणार.

पुढचा कुठला लावू? बोलणं कमी असलेला सांगा.

---

कृष्णामाईची_लेक (२८ डिसेंबर, सकाळी ८.४०)

@गलाईवाला_विटा, चॅप्लिनचा 'सिटी लाइट्स' (१९३१). तो बोलपटांच्या जमान्यात हट्टाने मूक ठेवला होता. मराठीच हवा तर 'श्यामची आई' (१९५३) लावा. बोलणं आहे, पण सावकाश आणि स्वच्छ, पोरांना धरता येईल. रुमाल जवळ ठेवा, पोरांसाठी नव्हे.

---

गावभागकर (२९ डिसेंबर, रात्री १२.१०)

दोन दिवसांचा हिशेब.

२७ तारीख, 'कुंकू'. @मिरज_जंक्शन, तुमच्यासाठी सगळ्यांना अडीच तास गप्प बसवलं. भडंग खायलासुद्धा बंदी, कारण तो वाजतो. पुतण्या (नववी) शांता आपट्यांनी इंग्रजी कविता गायला सुरुवात केल्यावर ताडकन उठून बसला. १९३७ च्या मराठी सिनेमात नऊवारीतली बाई लाँगफेलो या अमेरिकन कवीची कविता गातेय! आईने मात्र तीन आणे दिले. कारण, "त्या घड्याळानं डोकं उठलं." मी म्हटलं, अगं तेच तर त्या म्हाताऱ्याचं वय मोजतंय. ती म्हणाली, "मला कळलं नाही असं वाटलं होय तुला? कळलं म्हणूनच उठलं." घरची सरासरी बारा.

२८ तारीख, 'सांगत्ये ऐका' (१९५९). पुण्याच्या विजयानंद टॉकीजला १३१ आठवडे चाललेला. बायकोने साडेचौदा दिले. हलकं रान शोधूनही सापडेना म्हणाली, शेवटी चौदा आण्याचं एक काढलं.

---

अजिंक्यतारा (२९ डिसेंबर, सकाळी ६.५५)

चौदाच काय, सोळा द्या. बुगडी सांडली ती साताऱ्याला जाताना, सांगलीला जाताना नव्हे. 😄

---

कृष्णामाईची_लेक (२९ डिसेंबर, सकाळी ८.०५)

बुगडी तिकडे सांडली असेल. गाणारी आशाताई सांगलीत जन्मलेली, लिहिणारे गदिमा आटपाडी तालुक्यातले. म्हणजे सोनं आमचं, हरवलं तुमच्याकडे. शोधून परत पाठवा.

---

अजिंक्यतारा (२९ डिसेंबर, सकाळी ८.२०)

ताई, सिनेमा १९५९ चा. तुमच्या जिल्ह्याचं नाव तेव्हा 'दक्षिण सातारा' होतं. सांगली नाव १९६० साली पडलं. त्यामुळे बुगडी, गाणारी, लिहिणारे, सगळे साताऱ्याचेच. इति लेखनसीमा.

---

गलाईवाला_विटा (२९ डिसेंबर, सकाळी ९.००)

😂😂 हे मी गल्लीतल्या सगळ्या साताऱ्याच्या लोकांपासून लपवून ठेवणार आहे.

---

प्रिंटशोधक (२९ डिसेंबर, सकाळी ११.४५)

अवांतर होतंय, पण वहीत आणे मांडताय म्हणून. जे सिनेमे आपण यूट्यूबवर बघून 'आवाज फाटका' म्हणतो, त्यातल्या कित्येकांची मूळ प्रिंट आता नाही. जुनी फिल्म नायट्रेटची, भयंकर पेट घेणारी. २००३ च्या जानेवारीत पुण्यात, ज्या आवारात एकेकाळी प्रभात फिल्म कंपनी होती तिथल्याच गोदामाला आग लागली आणि प्रभातच्या सिनेमांसकट खूप काही गेलं. आता आपण बघतो ती बहुतेक वेळा नकलेची नक्कल. हलकं रान ठरवताना एवढं मनात असू द्या, काही खरखर सिनेमाची नसते.

---

मिरज_जंक्शन (२९ डिसेंबर, दुपारी १२.३०)

हे माहीत नव्हतं. कुंकूतल्या टिकटिकीमागे जी खरखर येते तिच्यावर मी चिडलो होतो.

---

अजिंक्यतारा (२९ डिसेंबर, दुपारी १.१०)

१९९० ची अट जरा सैल करा आणि 'स्वदेस' (२००४) घ्या. वाईजवळच्या मेणवलीत चित्रित झालाय, घाट आणि वाडा दोन्ही आमचे. गावात पडदा लावून सिनेमा दाखवतात तो प्रसंग बघा. पडद्याच्या एका बाजूला गाव, दुसऱ्या बाजूला खालच्या जातीचे म्हणून वेगळे बसवलेले, त्यांना सगळं उलटं दिसतंय. वीज जाते आणि शाहरुख तो पडदाच ओढून काढतो. सिनेमा कुठल्या बाजूने बघायचा यावर इतकं नेमकं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

---

गावभागकर (२९ डिसेंबर, दुपारी २.००)

अट आण्णांची आहे, दुरुस्तीसाठी अर्ज करावा लागेल. तिकीट लावून.

आज 'डाय हार्ड' (१९८८). भाऊ आणि पुतण्याचा हट्ट, नाताळचा सिनेमा आहे की नाही यावर दोघांचा वाद चालू. मी झोपणार.

---

गावभागकर (३१ डिसेंबर, सकाळी १०.१५)

काल 'सामना' होता (१९७५). हा लिहू की नको, रात्रभर विचार केला. आण्णांना विचारलं, ते म्हणाले लिही, नाव घालू नको.

सगळ्यांना माहीत असलेला सिनेमा, म्हणून कथा सांगत नाही. साखर कारखान्याचा हिंदूराव, म्हणजे निळू फुले, आणि कुठून तरी आलेला दारुडा मास्तर, म्हणजे डॉ. लागू. मास्तर एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतो, मारुती कांबळेचं काय झालं. आमच्या आजूबाजूला कारखाने आहेत, त्यामुळे पहिला अर्धा तास घरात "हा अमुक, तो तमुक" असं चाललं होतं. आण्णा त्यात नव्हते. सिनेमा संपल्यावर लेकीने वही पुढे केली. आण्णा म्हणाले, "ह्याची मी लावत नाही." आणि झोपायला गेले.

सकाळी चहाच्या वेळी आपणहून बोलले. जतच्या पूर्वेला एका गावी असताना एका वर्षी पावसाने दगा दिला. प्लॉट कापले, वजन केलं, ४६ पैसे बसले. कागद वर गेला आणि निरोप आला की पन्नासच्या वर दाखवा. कुणी सांगितलं, का सांगितलं, हे त्यांनी विचारलं नाही. दुसरा कागद केला, ५२ लिहिले आणि सही केली. ४६ म्हणजे शेतसाऱ्यात सूट, कर्जाची फेररचना, पोरांची परीक्षा फी माफ. ५२ म्हणजे यातलं काही नाही. कागदावर फरक सहा पैशांचा.

पुढे बदली झाली. पण त्या गावातला एक म्हातारा जतच्या बाजारात भेटला की दरवेळी हसून एवढंच विचारायचा, "भाऊसाहेब, यंदा किती पैसं?" त्याने कधी भांडण काढलं नाही, तक्रारही केली नाही. आण्णा म्हणाले, पुढे पुढे ते मंगळवारी बाजारात जायचंच टाळायला लागले.

मी त्यांचा मुलगा आहे, पन्नाशीला आलोय. हे मला आज कळलं.

---

मिरज_जंक्शन (३१ डिसेंबर, सकाळी १०.४०)

आण्णांना नमस्कार सांगा.

---

अजिंक्यतारा (३१ डिसेंबर, सकाळी ११.०५)

माझे वडील ग्रामसेवक होते. आज संध्याकाळी घरी सामना लावतो.

---

स्पष्टवक्ता (३१ डिसेंबर, दुपारी १२.२०)

पहिल्या प्रतिसादाबद्दल राग नसावा. आमच्याकडे आज 'शेजारी' (१९४१) लावतोय.

---

गलाईवाला_विटा (३१ डिसेंबर, दुपारी ३.४५)

आमचं शेत तिकडेच आहे, जतच्या शिवेजवळ. वडिलांनी गाव का सोडलं याची बरीच कारणं घरात सांगतात, त्यात कागदाचं कुणी कधी बोलत नाही. पाऊस नव्हता, एवढंच.

पोरांना 'सिटी लाइट्स' दाखवला. चौदा आणे. धाकटा म्हणतो आवली नव्हती म्हणून दोन कापले.

---

गावभागकर (१ जानेवारी, सकाळी ९.३०)

नववर्षाच्या शुभेच्छा. काल रात्री शेवटची चिठ्ठी, 'अशी ही बनवाबनवी' (१९८८). घरात सगळ्यांना पाठ, संवाद पडद्याआधी आम्हीच म्हणत होतो. आण्णा खळखळून हसले आणि पंधरा आणे दिले. एक का कापला विचारलं, तर म्हणाले, "एवढी चौघं राहतात, भाडेकरार कुठं दाखवलाय?"

भाऊ दुपारच्या गाडीने निघतोय. डब्यात पुन्हा भडंग भरला.

---

कृष्णामाईची_लेक (१ जानेवारी, सकाळी १०.००)

सामनाचा आण्णांचा रकाना मोकळाच ठेवला का?

---

गावभागकर (१ जानेवारी, सकाळी १०.२०)

लेकीने काल विचारलं. म्हणाले, "प्रलंबित लिही." तिला तो शब्द लिहिता येईना, म्हणून त्यांनीच पेन घेतलं.